माका ओळखायचा कसा आणि त्याचं तेल कढवायचं कसं

डोक्याला लावायचं माक्याचं तेल बिघडतं ते दोन जागी. एक, पाला तोडताना. दुसरी, गॅस बंद करायच्या आधीच्या दहा मिनिटांत. मधलं सगळं काम कंटाळवाणं आहे, अवघड नाही. माझी पहिली बाटली दुसऱ्या जागी बिघडली. रस पुरता आटला नव्हता, पण तेल छान हिरवं दिसत होतं म्हणून मी घाईनं गाळून मोकळी झाले. आठवड्याभरात बुडाशी चिखलासारखा थर बसला आणि झाकण उघडलं की आंबूस वास. आजीनं बाटली नाकाशी नेली आणि म्हणाली, "ह्याला तेल न्हाई म्हणत, तेलातली भाजी म्हणत्यात."

तेव्हापासून बऱ्याच बाटल्या झाल्या. आमचं गाव भोर तालुक्यात, भाताचं. माका तिथं लावावा लागत नाही, तो बांधावर आपोआप येतो आणि भात बेणणाऱ्या बायकांच्या शिव्या खातो. भांगलणीत उपटून फेकलेला माका गोळा करायचा, एवढीच आमची लागवड.

संस्कृतात याला भृंगराज, केशराज अशी भारदस्त नावं आहेत. मार्कव हे तिसरं, आणि आपला माका आला तो त्याच्यातून. हिंदीत भांगरा किंवा भंगरैया. दुकानातल्या पुडीवर कधी एक्लिप्टा अल्बा असतं, कधी एक्लिप्टा प्रोस्ट्राटा. वनस्पती एकच आहे, पहिलं नाव जुनं आणि दुसरं आता चालणारं.

आधी ओळख

माका सूर्यफुलाच्या कुळातला. ओल जिथं टिकते तिथं सापडतो: भातखाचराचा बांध, पाटाची कड, विहिरीच्या सांडपाण्याची जागा, ओढ्याचा काठ. कोरड्या माळावर कुणी "हा घ्या माका" म्हणालं तर आधी संशय घ्यायचा.

खोड तांबूस-तपकिरी, अर्धं जमिनीवर लोळलेलं आणि अर्धं वर उठलेलं. चिखलाला टेकलेल्या पेरांना मुळं फुटतात. पानं समोरासमोर जोडीनं येतात, लांबट, टोकदार, देठ जवळजवळ नसलेली. बोट फिरवलं की खरखरीत लागतात, कारण दोन्ही बाजूंनी राठ लव असते. फूल म्हणजे पानाच्या बगलेत आखूड दांडीवर बसलेलं शर्टाच्या छोट्या बटणाएवढं पांढरं चक्र. फूल झडल्यावर मागे हिरवी चपटी गोंडी राहते, आणि तिच्यातलं बी पिकून काळं होतं.

हे सगळं जुळलं तरी खात्रीची खूण एकच, रस. खोडाचा तुकडा मोडून तळहातावर चोळा आणि पाच मिनिटं थांबा. आधी हिरवा डाग दिसतो, मग तो काळसर होत जातो. मोडलेलं टोकसुद्धा बघता बघता काळवंडतं. हवेशी गाठ पडली की रसातले घटक रंग बदलतात, त्यामुळं माका तोडणाऱ्या बायकांची बोटं संध्याकाळपर्यंत शाई लागल्यासारखी होतात. हा डाग दोन-तीन दिवस जात नाही, त्यामुळं चांगली साडी नेसून माका तोडायला जाऊ नये, हे मी अनुभवानं सांगते.

आता ज्यांच्याशी गल्लत होते ते.

सगळ्यात जास्त फसवते ती एकदांडी. कुणी हिला दगडीपाला म्हणतं, कुणी कंबरमोडी. पानं हिचीही खरखरीत आणि लोळणंही माक्यासारखंच. पण हिचं फूल वीतभर उंच एकट्या दांडीवर डोलतं, मध्ये पिवळं आणि कडेला चार-पाच पांढऱ्या पाकळ्या. पानाच्या कडाही खोल दातेरी असतात, माक्याच्या अगदी पुसट. शिवाय एकदांडीला कोरडी, दगडाळ जागा चालते. जखमेवर तिचा रस पिळायची रीत गावोगाव आहे, पण तो विषय वेगळा. तिचं तेल म्हणजे माक्याचं तेल नव्हे.

दुसरा पिवळा माका. फूल पिवळं असेल तर तो आपल्या कामाचा नाही. वैद्य पिवळ्या भृंगराजाची नोंद वेगळी करतात आणि वापरतातही, पण बाजारात त्याच नावाखाली सोसायट्यांच्या बागेत जमीन झाकायला लावलेली वेडेलियाही खपवली जाते. तिची पानं चकचकीत, तीन टोकांची. दोन्हींना फाटा द्या.

तिसरं गाजर गवत, म्हणजे काँग्रेस. जाणत्या माणसाची गल्लत होणार नाही, पान गाजरासारखं चिरलेलं असतं. पण शहरातली मुलं "बारकी पांढरी फुलं" एवढीच खूण लक्षात ठेवून बाहेर पडतात. हे गवत 1950 च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नजरेस आलं आणि नंतर देशभर पसरलं. त्यानं अंगाला खाज सुटते, पुरळ उठतं. हे इथं सांगायचं आणखी एक कारण आहे, ते तेल लावायच्या भागात येईल.

कुठला तोडायचा, कधी तोडायचा

पहिल्या पावसानंतर रोपं उगवतात. श्रावणाच्या मध्यापासून फुलं दिसू लागतात आणि पाणी असेल तिथं दिवाळीनंतरही माका हिरवा राहतो. कालव्याच्या कडेला तर बारा महिने. तेलासाठी नुकता फुलावर आलेला घ्यावा. फार कोवळ्यात नुसतं पाणी असतं, आणि बी धरून तांबारलेल्यात रस कमी.

जागेबद्दल मी हट्टी आहे. माक्याला घाणीचं वावडं नाही. गटाराच्या कडेला तर तो सगळ्यात टरारून येतो आणि नवख्याला तोच आधी दिसतो. तो घ्यायचा नाही. सांडपाण्यातले जड धातू वनस्पती शोषून घेतात आणि रस आटवला की ते आटत नाहीत, उरतात. रस्त्याच्या कडेचा नको, आणि तणनाशक मारलेल्या उसाच्या वा भाताच्या रानातलाही नको. रान दुसऱ्याचं असेल तर आधी विचारा, "फवारा कधी मारला होता?" लोक खरं सांगतात. फुकट तण नेणाऱ्याशी खोटं बोलून कुणाला काय मिळणार?

सकाळचं दव उतरल्यावर तोडा. मुळासकट उपटलं तरी हे वर्षायू तण आहे, फार बिघडत नाही, पण मी जमिनीपासून चार बोटं सोडून विळ्यानं कापते. चिखल सोबत येत नाही आणि उरलेलं पुन्हा फुटतं. घरी आणल्यावर ढिगात ठेवू नका, आतून तापतो. त्याच दिवशी रस काढायचा.

पावसाळ्याबाहेर तेल करायचं असेल तर माका सावलीत वाळवून ठेवता येतो. त्याचा काढा करून तेल होतं. मला ते फिकं वाटतं, पण काहीच नसण्यापेक्षा बरं.

रस

पाव लिटर तेलासाठी दोन-अडीच किलो ताजा माका लागतो. बाजाराच्या दोन पिशव्या गच्च भरून. हा आकडा ऐकून लोक हसतात, कारण त्यांनी मूठभर पाला तेलात तळून "माक्याचं तेल" केलेलं असतं. ते तळण आहे.

पाला निवडा. पिवळी पानं, गवताच्या काड्या, गोगलगायी काढून टाका. तीन पाण्यांनी धुवा आणि चाळणीत, मग सुती कापडावर पसरून वरचं पाणी जाऊ द्या. बारीक चिरून मिक्सरला फिरवा. पातं फिरेना तर चमचा-चमचा पाणी घाला, भांडंभर नको. घातलेला प्रत्येक पेला पुढं तुम्हालाच आटवायचा आहे. वाटण पंच्यात बांधून पिळा. गोऱ्यापान पंच्याला या कामातून सुट्टी द्या, तो पुन्हा पांढरा होत नाही.

साधारण एक लिटर रस मिळेल. त्यातलाच मूठभर चोथा आणखी बारीक वाटून बाजूला ठेवा. हा कल्क.

प्रमाण

आयुर्वेदात औषधी तेल करायचं ढोबळ माप कल्क एक, तेल चार, द्रव सोळा असं आहे. पण द्रव म्हणून ताजा रस असेल तर शार्ङ्गधरसंहितेत कल्क तेलाच्या आठव्या हिश्शानं घ्यायला सांगितला आहे. पाण्यात सिद्ध करताना चौथा, काढ्यात सहावा, रसात आठवा. रसात औषध आधीच आहे, मग चोथा वाढवून काय होणार? नुसता बुडाला लागेल. म्हणून आपलं माप असं:

तेल 250 मिली
माक्याचा रस 1 लिटर
कल्क 30 ग्रॅमच्या आसपास

तेल कोणतं, हा भांडणाचा विषय आहे. कोकणात खोबरेल, देशावर तिळाचं. उन्हाळ्यात आणि डोकं तापणाऱ्यांना खोबरेल सोसतं, थंडीत तीळ बरं. घाण्याचं घ्या आणि आधी वास घेऊन बघा. खवट तेलात माका घातला की माका खवट होतो, तेल सुधारत नाही.

कढवणं

भांडं मोठं हवं. सव्वा लिटर ऐवजासाठी निदान तीन-साडेतीन लिटरची जाड बुडाची कढई, कारण हे फसफसतं. लोखंडी कढईत तेल काळंभोर होतं आणि बघणाऱ्याला तेच खरं वाटतं. पण लोखंडामुळं तेल लवकर खवट होतं, त्यामुळं मी जाड स्टीलचं किंवा चांगली कल्हई केलेलं पितळी पातेलं वापरते. बिनकल्हईचं पितळ नको.

गार तेलात कल्क कालवा, वरून रस ओता आणि मगच गॅस लावा. हा क्रम उलटा करू नका. तापलेल्या तेलात रस ओतला तर उकळता फवारा अंगावर येतो. थंडीत खोबरेल गोठलेलं असेल तर ते नुसतं पातळ होण्यापुरतं कोमट करा. मुलांना स्वयंपाकघराबाहेर काढा.

आच मंद. पहिला तास-दीड तास काही विशेष घडत नाही. तळाशी हिरवं पाणी खदखदतं आणि वर तेलाचा तवंग. जोवर पाणी आहे तोवर तेलाची उष्णता उकळत्या पाण्याच्या आसपासच राहते, त्यामुळं जळायची भीती नसते. इथं पंधरा-वीस मिनिटांनी ढवळलं तरी चालतं.

मग रस दाट होतो आणि खरी राखण सुरू होते. आता हलायचं नाही. लाकडी उलथन्यानं बूड सतत खरवडत राहायचं. गाळ आधी चिखलासारखा, मग मेणासारखा, मग रवाळ होतो. आवाजही बदलतो. खदखद जाऊन तडतड येते, आणि तीही विरळ होत जाते. पाणी संपत आलं की तेलाची उष्णता झपाट्यानं चढते. मघाशी दोन तासांत जे झालं नाही ते आता दोन मिनिटांत होतं. फोन आला तर वाजू द्या.

तेल झालं का, ते बघायच्या तीन खुणा आहेत आणि तिन्ही जुळल्या पाहिजेत.

चमच्यावर थोडा कल्क काढा, फुंकून गार करा आणि बोटांत वळा. वात वळली पाहिजे. बोटाला चिकटला तर कच्चं. वळला पण थोडा कडक, दाणेदार लागला तर बेत जमला. भुगा होऊन काळा पडला तर जळलं.

कापसाची वात तेलात बुडवून कढईपासून लांब, दुसऱ्या बाजूला पेटवा. तडतडली तर पाणी शिल्लक आहे. माझ्या त्या पहिल्या बाटलीला ही एक परीक्षा घेतली असती तर अडीच किलो माका वाया गेला नसता.

तिसरी, फेस. तेल सिद्ध होताना बारीक फेस वर येतो. तूप करताना याच्या उलट असतं, तिथं फेस बसला की झालं. लोणी कढवणाऱ्या हातांची इथंच चूक होते, ती फेस बसायची वाट बघतात आणि तेल करपवतात.

शास्त्रात पाकाचे, म्हणजे तेल कितपत कढवलं याचे, मृदू, मध्यम आणि खर असे प्रकार आहेत. मृदू नाकात सोडायला, मध्यम सगळ्याला, खर अंगाला लावायला. डोक्याच्या तेलाला मध्यम आणि खर यांच्या मध्ये थांबावं. वैद्य हे काम एका दिवसात उरकत नाहीत, मुरू देतात. घरी मात्र पावसाळी दमट हवेत अर्धा आटलेला रस रात्रभर ठेवणं मला धोक्याचं वाटतं, मी एका बैठकीत संपवते. तीन तास धरा.

कढई खाली उतरवा, कोमट होऊ द्या, कोरड्या मलमलीतून गाळा. चोथा जिवाच्या आकांतानं पिळू नका, गाळ उतरतो. रात्रभर स्थिर ठेवून सकाळी वरचं निवळ तेल उन्हात वाळवलेल्या काचेच्या बाटलीत भरा. तारीख लिहून चिकटवा. पाव लिटर घातलेलं दोनशेच्या आसपास उतरतं. रंग गडद हिरवा, उजेडात धरला तर शेवाळी. सहा महिन्यांत संपवा आणि ओला हात बाटलीत घालू नका. उरलेला चोथा न्हायच्या आधी केसांना चोळला की त्यातलं तेल वाया जात नाही.

लावताना

पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक दिवस थांबा. गाजर गवताची ज्यांना ॲलर्जी आहे त्यांनी तर नक्कीच, कारण दोन्ही एकाच कुळातल्या वनस्पती आहेत आणि एकीला चिडणारी कातडी दुसरीला चिडू शकते. शेतावर काम करणाऱ्या अनेकांना हा त्रास असतो आणि तो "उन्हानं झालं" म्हणून सोडून दिला जातो.

तेल कोमट करून बोटांच्या पेरांनी टाळूला लावा, तासभर ठेवा, शिकेकाईनं धुवा. आठवड्यातून दोनदा पुरे. पिवळसर, चिकट कोंडा असेल तर लावू नका. असा कोंडा तेलावर पोसला जातो. डोक्यात फोड किंवा जखम असेल तरीही नको.

काय अपेक्षा ठेवायची? पांढरे केस काळे होत नाहीत. तेलाचा हिरवट काळेपणा चार दिवस दिसतो, तेवढाच. उंदरांवरच्या प्रयोगांत माक्याच्या अर्कानं केस लवकर उगवल्याचं दिसलं आहे, पण माणसांवर तितका भक्कम पुरावा नाही. केस कोरडे पडत नाहीत, तुटणं कमी होतं आणि आजीच्या म्हणण्याप्रमाणं झोप चांगली लागते. बाळंतपणानंतर, तापानंतर किंवा रक्त कमी झाल्यानं केस जात असतील तर आधी रक्त तपासा. तेलाला लोह भरून काढता येत नाही.

काजळ

धुतलेलं जुनं सुती कापड माक्याच्या रसात बुडवून सावलीत वाळवायचं. असं तीनदा, हौस असेल तर सातदा. त्याची वात करून एरंडेलाच्या किंवा तुपाच्या पणतीत लावायची आणि वर दोन विटांवर तांब्याचं ताट पालथं घालायचं. रात्रभरात धरलेली काजळी खरवडून तुपात खलायची. रंग गर्द येतो.

पण तान्ह्या बाळाच्या डोळ्यात घालू नका. घरचं असलं तरी. बोट आणि नख कितीही स्वच्छ असलं तरी संसर्ग होऊ शकतो, अश्रूंची वाटही बुजते. कानामागे तीट लावली की दृष्टीचं काम भागतं.

पोटात घ्यायचं असेल तर

कावीळ, यकृत, जंत यांवर माक्याचा रस ताकातून द्यायची जुनी रीत आहे, आणि वैद्य भृंगराज यकृताच्या औषधांत वापरतातही. तमिळनाडूत तर त्याची पालेभाजी खातात. तरी कावीळ दिसली की आधी रक्ताची तपासणी. कावीळ हे लक्षण आहे. कुणाला विषाणूमुळं, कुणाला पित्ताशयातल्या खड्यामुळं, कुणाला दारूमुळं होते आणि प्रत्येकाचा इलाज निराळा. रस घ्यायचाच तर वैद्याच्या हातून, मात्रा त्यांनी ठरवलेली. गरोदर बायकांनी नाहीच.

साप-विंचवावरही माका चोळतात. ब्राझीलमध्ये सापाच्या विषावर माक्याच्या अर्काचे प्रयोगशाळेत प्रयोग झाले आहेत, त्यावरून कुणी छाती फुगवतं. प्रयोगशाळेतली परखनळी आणि रात्री बांधावर चावलेला घोणस यांत अंतर आहे. सापाला प्रतिविष, तेही लवकरात लवकर. विंचवाच्या बाबतीत महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं औषध वापरून कोकणातले मृत्यू कसे कमी केले, ते सगळ्यांना ठाऊक असायला हवं. पाला वाटत बसलेला अर्धा तास त्या औषधाच्या वेळेतून जातो.

भाद्रपदातली गर्दी

माक्याला वर्षातून दोनदा देवघराचं बोलावणं येतं. गणपतीच्या एकवीस पत्रींत तो असतो, आणि पुढच्याच पंधरवड्यात श्राद्धाच्या पूजेला. बाजारात पत्रीची जुडी घेतलीत तर त्यातला माका वरच्या खुणांवर तपासा. हाताला येईल तो पाला बांधलेला मी अनेकदा पाहिलाय, एकदांडी तर हमखास. गणपती रागावत नाही, पण तीच जुडी वाळवून कुणी तेलात टाकू नये.

शहरात राहणाऱ्यांनी सरळ कुंडीत लावावा. खरा माका एकदा हाताशी आला की पेरासकट चार बोटांचा तुकडा ओल्या मातीत आडवा दाबायचा. आठ-दहा दिवसांत मुळं धरतो. कुंडीखाली ताटली ठेवून तिच्यात पाणी राहू द्या, अर्धा दिवस ऊन पुरतं. एका कुंडीत पाव लिटर तेलाचा माका होत नाही, चार-पाच पसरट कुंड्या तरी हव्यात. आमच्या पुण्यातल्या गॅलरीत सहा आहेत, आणि पितृपक्षात खालच्या मजल्यावरच्या काकू अजून बेल न वाजवता येऊन दोन टिकशा खुडून नेतात.